धोतऱ्याचं बी यंदा नको, छोटी

छोटी, तू धोतऱ्याचं बी मागितलंस, सोबत त्या जांभळ्या, थरावर थर असलेल्या फुलाचा फोटोही पाठवलास. बी माझ्याकडे आहे. पण यंदा मी ते तुला देणार नाही, आणि का देणार नाही हे नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक सांगते. तुला सुवासाची फुलं लावावीशी वाटली, ती विकतच्या कुंडीतली नकोत, बियांपासून वाढवायची आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. शिंदखेड्याचा उन्हाळा तू आता अनुभवतेसच. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास, दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, आणि अंगण आपलं होतं ते दिवस मावळल्यावर. मग अंगणात फुलंही त्याच वेळेला उमलणारी हवीत. कर्ण्यासारखी लांब नळीची सुवासिक फुलं बहुतेक संध्याकाळचीच असतात. त्यांचा मध नळीच्या पार तळाशी असतो आणि तो पिणारे मोठे पतंग लांब सोंडेचे, अंधारात फिरणारे. त्यांना वाट कळावी म्हणून ही फुलं दिवस कलला की वास सोडतात, आणि त्यातली बरीचशी पांढरी असतात. सकाळी त्याच झाडाला नाक लावलंस तर काही नाही. तेव्हा नर्सरीत दुपारी जाऊन वास घेऊन झाड निवडू नकोस, फसशील.

आता धोतरा. तू ज्या तालुक्यात नांदतेस तो मिरचीचा मुलूख. दोंडाईच्याचा मिरचीबाजार तुझ्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात तुझ्या सासूबाई वर्षाचा मसाला करायला बसतील तेव्हा घरभर मिरच्यांची देठं खुडली जातील, बिया सांडतील. धोतरा आणि मिरची एकाच कुळातली. त्यांच्या बिया इतक्या सारख्या दिसतात की न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत दोन्ही बियांमधला फरक मुद्दाम शिकवतात, कारण विषबाधेच्या तपासात तो लागतो. तो तूही लक्षात ठेव. मिरचीचं बी फिकट पिवळं, पातळ, गोलसर, गुळगुळीत आणि तिखट वासाचं. धोतऱ्याचं बी तपकिरी, जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, पृष्ठभागावर बारीक खळगे, आणि त्याला वास नाही. शेजारी शेजारी ठेवली तर कळतं. वाळलेल्या मिरच्यांच्या सुपात चार बिया मिसळल्या तर कोण बघत बसणार?

धोतऱ्याची ही ख्याती जुनी आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात धोतऱ्यावर वेगळं प्रकरण लिहिलं. जेवणातून धोतरा घालायचा, खाणाऱ्याला भ्रम झाला की घर साफ करायचं, हा चोरीचा प्रकार त्यात आला आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही लोकांना हे पक्कं ठाऊक होतं.

आणि तुझं पिल्लू अजून मातीसुद्धा तोंडात घालतं. धोतऱ्याचं पान, फूल, मूळ, सगळंच विषारी, बी तर सगळ्यात जास्त. महाशिवरात्रीला आपण ते काटेरी फळ महादेवाला वाहतो, मुलांच्या हातातही देतो. तेवढ्यावर ठेवावं आणि घरी येऊन मुलांचे हात साबणाने धुवावेत. चुकून कोणी खाल्लंच तर तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग लाल आणि गरम होतं, नाडी जोरात चालते, माणूस असंबद्ध बोलतो, हवेत काहीतरी पकडू बघतो. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावणं, ताक पाजणं, झोपवून ठेवणं, यातलं काहीही करायचं नाही. १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा, आणि जे खाल्लं त्याची डहाळी किंवा फळ सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. हे जावईबुवांनाही सांगून ठेव, कारण रानधोतरा उकिरड्यावर, नदीकाठी, रिकाम्या प्लॉटवर आपोआप उगवतो. तो तू लावला नाहीस म्हणून गावात नाही असं थोडंच आहे?

तू दुसरा फोटो पाठवलास ना, झाडाला खाली लोंबणाऱ्या मोठ्या पिवळट कर्ण्यांचा, तो धोतरा नव्हे. तो ब्रुगमॅन्सिया. ओळखायची खूण सोपी आहे: धोतऱ्याचं फूल वर किंवा आडवं बघतं आणि फळाला काटे असतात, ब्रुगमॅन्सियाचं फूल खाली मान घालतं आणि फळ गुळगुळीत असतं. बी विकणारे दोघांनाही एंजल्स ट्रम्पेट म्हणतात, म्हणून घोळ होतो. ब्रुगमॅन्सिया मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांचा, आता त्याच्या मूळ रानात तो नैसर्गिकपणे उरलेलाच नाही, माणसांनी लावलाय म्हणून जगात आहे. त्याला गारवा लागतो. आपल्या मे महिन्यात तो होरपळेल. आणि विष तेवढंच. त्याच्या नादी लागू नकोस.

तुझ्या अंगणात पहिला मान मी गुलबक्षीला देईन. तुला ती साधी वाटेल, मायच्या घरी परसात, धुण्याच्या दगडापाशी असायची म्हणून. पण साबणाचं पाणी, कडक माती, ऊन, सगळं सोसून संध्याकाळी चारनंतर उमलणारं आणि सकाळपर्यंत मंद वास देणारं दुसरं झाड मला खान्देशात दाखव. तिचं बी काळं, सुरकुतलेलं. रात्रभर पाण्यात भिजव आणि बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल पेर. आठवडा-दहा दिवसांत जाडजूड दोन पानं वर येतात. आखाजीला तू इकडे येशील तेव्हा बी घेऊन जा, पण पेर मात्र मृगाचा पाऊस झाल्यावर. मेच्या मातीत कोंब भाजून निघतात. एकदा रुजली की जमिनीत तिचा कंद धरतो. उन्हाळ्यात वरचं झाड वाळलं तरी उपटू नकोस, पावसाळ्यात तिथूनच फुटेल.

गुलबक्षीचं बी हुबेहूब मिऱ्यासारखं दिसतं, आणि तेही पोटात जायला नको. बी आणि कंद दोन्हींनी उलट्या-जुलाब होतात. धोतऱ्याइतकं भयंकर नाही, तरी बेफिकीर राहायचं नाही. म्हणून माझा नियम असा आहे की फुलाचं कुठलंही बी स्वयंपाकघरात येत नाही. मसाल्याच्या डब्याजवळ नाही, फडताळात नाही, फ्रिजमध्येही नाही. कागदाच्या पुडीत, वर नाव आणि साल लिहून, पुडी पत्र्याच्या डबीत, आणि डबी कपाटात वरच्या कप्प्यात कुलपाआड. बाळ आहे तोवर जमिनीवर पडलेलं गुलबक्षीचं बी रोज सकाळी झाडताना वेचून टाक. किंवा सरळ ओट्यापासून लांब, कुंपणाच्या कडेला लाव.

एक गंमत सांगते. लाल आणि पांढरी गुलबक्षी जवळजवळ लावलीस तर त्यांच्या बियांतून गुलाबी फुलंही निघतील, आणि त्या गुलाबीच्या बियांतून पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, कार्ल कॉरेन्स, यांनी याच फुलावर प्रयोग केले होते. तुझी नणंद बारावी सायन्सला आहे, तिला विचार; तिच्या जीवशास्त्रात हे आहे. तिला कागदावर पाठ करण्याऐवजी तुमच्या कुंपणाशी मोजू दे.

दुसरी फुलं, खास तुझ्या ओट्याच्या जाळीसाठी. रात्री उमलणारी मोठ्या पांढऱ्या फुलांची वेल, जिला मूनफ्लॉवर म्हणतात. सकाळी उमलणाऱ्या निळ्या गारवेलीची ती बहीण, फक्त वेळ उलटी. कळी पिळवटलेली असते आणि सांजेला बघता बघता सुटते, तळहाताएवढं फूल होतं. तिच्या बियांचं कवच कठीण. नेलकटरने एका कडेला हलकी खाच पाड, बीच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेव. फुगलेलं बी लगेच पेर. न फुगलेल्याला पुन्हा खाच दे. मूळ हलवलेलं तिला आवडत नाही, म्हणून जिथे वाढवायची तिथेच पेर. पावसाळाभर नुसती पानं करेल, धीर सोडू नकोस. फुलांचा जोर पाऊस सरता सरता, रात्र मोठी होऊ लागली की धरते. हिचंही बी तोंडात घालण्याजोगं नाही, शेंग वाळायच्या आत खुडत जा.

बाळाच्या हाताला लागेल अशा जागी फक्त पेटुनिया ठेव. ती विषारी नाही. बाजारात भडक गुलाबी, लाल पट्ट्यांची पेटुनिया मिळते, तिला बहुधा वास नसतो. तू पांढरी आणि गर्द जांभळी माग. तिचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात बसतं. ते मातीत पुरायचं नाही, त्याला रुजायला उजेड लागतो. ओल्या मातीवर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरव, वर काच किंवा प्लॅस्टिक झाक, पाणी फवाऱ्यानेच दे. ऑक्टोबर सुरू झाला की पेर म्हणजे थंडीत रोपं जोर धरतात आणि माघ-फाल्गुनात फुलतात. मार्चच्या उन्हात ती जाते, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस; ते तिचं वयच असतं.

माती मात्र तुमच्या शेतातली काळी उचलून कुंडीत भरू नकोस. कापसाला ती उत्तम, कुंडीत पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. बुराई नदीच्या काठचा गाळ, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू समसमान घे. बी पेरण्यासाठी शेणखत चाळून आणि कमी. कच्चं खत घातलंस तर रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत माना टाकतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी पिंपात साठवून रोपांना तेच दे.

आता धोतऱ्याकडे परत येते, कारण तुझं मन तिथेच अडकलंय हे मला माहीत आहे. बाळ शाळेत जाऊ लागलं, सांगितलेलं त्याला कळू लागलं, की बी तुझंच. तेव्हा असं कर. बी दिवसभर कोमट पाण्यात भिजव, पाणी दोनदा बदल. एक सेंटिमीटर खोल पेर आणि ट्रे उबेला ठेव. फेब्रुवारीची अखेर चांगली. काही बिया पंधरा दिवसांत उगवतील, काही महिन्यानंतर. म्हणून ट्रे लवकर ओतून टाकू नकोस. चार खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत हलव. सकाळचं ऊन भरपूर, एप्रिल-मेत दुपारी सावली. शेतात, मिरचीच्या बांधावर तर मुळीच लावू नकोस. कुळ एकच असल्याने पांढरी माशी दोघांवर बसते, आणि मिरचीचा बोकड्या रोग तीच पसरवते. घरच्या पिकाला तुझ्या हौसेचा त्रास नको.

हात लावताना हातमोजे घाल. पानं खुडून तसाच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसतं. फूल कोमेजलं की मागे धरणारं काटेरी फळ हिरवं असतानाच कापून टाक. त्याने झाड जास्त फुलतं आणि विषारी बी तयारच होत नाही. पुढच्या वर्षासाठी एकच फळ राख, त्याला मलमलीची पिशवी बांध, नाहीतर तडकून बिया अंगणभर होतात. खुडलेली फळं चुलीत जाळू नकोस, शेळीला घालू नकोस, खड्ड्यात पूर.

यंदाच्या पावसाळ्यासाठी गुलबक्षीचे तीन रंग आणि मूनफ्लॉवरचं बी मी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवते. पेटुनियाचं ताजं बी दसऱ्याच्या आधी धुळ्यातून घेऊ, जुनं उगवत नाही. जावईबुवांना सांगून ओट्याला जाळी तेवढी आधीच बसवून घे, वेल वाट बघत नाही.