निफाडहून जपान : माणशी खर्च किती?

साकुरा फुलतो मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा निफाडच्या द्राक्षबागांत तोडणी आणि पाठोपाठ खरड छाटणी असते. शिवाय त्या दिवसांत तिकडे हॉटेलंही महाग. बागायतदारांना मे महिन्याचा मध्य सोयीचा. २९ एप्रिलपासूनची जपानी सुट्ट्यांची गर्दी तोवर ओसरते, आणि पावसाळा जूनमध्ये सुरू होतो.

दोघं मिळून गेल्यास, ८ दिवस, १०० येनला ६० रुपये धरून माणशी ढोबळ हिशेब असा :

- मुंबईहून विमान, जाताना टोकियो, परतताना ओसाका : ६०,००० रु.
- बिझनेस हॉटेल, ७ रात्री (खोली रोज १०,००० येन, निम्मा वाटा) : २१,००० रु.
- टोकियो-क्योतो-ओकायामा-ओसाका रेल्वे : १७,००० रु.
- जेवणखाण, रोज ३,५०० येन : १७,००० रु.
- शहरातला प्रवास, प्रवेशशुल्क, एक चहा-समारंभ : ९,००० रु.
- व्हिसा, विमा, मोबाइल डेटा : ५,००० रु.

एकूण सुमारे १ लाख ३० हजार. खरेदी आणि मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा. निफाडला पंचवटी एक्सप्रेस थांबते, तो खर्च किरकोळच.

रेल्वेचा पास घ्यावा का? ७ दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनांना झाला. वरच्या मार्गाची सुटी तिकिटं २८,००० येनांच्या आसपास पडतात. पास नको.

पाहायला काय लागतं? टोकियोचं सेन्सोजी, क्योतोचं फुशिमी इनारी ही देवळं फुकट. किनकाकुजीला ५०० येन. टोकियोत सार्वजनिक स्नानगृहात ५५० येनांत गरम पाण्यात निवांत डुंबता येतं. आधी अंग स्वच्छ धुवायचं, कपडे घालून उतरायचं नाही. ओकायामा मात्र चुकवू नका. तिथली काचगृहातली द्राक्षं नावाजलेली आहेत आणि देखण्या घडाला काही हजार येन मोजतात. कोराकुएन बागही तिथंच. तिच्या धर्तीवरचं पु. ल. देशपांडे उद्यान पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. आधी ते पाहून घ्या.

शाकाहारींसाठी : उदोन, मिसो सूप दिसायला शाकाहारी, पण रस्सा बहुधा माशाचा. बौद्ध मंदिरांतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, चालेल, पण ते महाग. थेपले, मेतकूट, चटणी सोबत ठेवा. मांसाहारींना रामेन हजार येनांच्या आसपास. टिप कुठंच द्यायची नाही.

पॅकेज घेताना दरात जीएसटी आणि टीसीएस धरलाय का, ते लेखी विचारा. टीसीएस म्हणजे एजन्सीने आगाऊ घेतलेला आयकर, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. केवळ शेती उत्पन्न असल्याने विवरणपत्र भरत नसाल, तरी त्या वर्षी भरा. नाहीतर परतावा मिळणार नाही. दोन एजन्सींचे दर ताडताना दुपारचं जेवण, प्रवेशशुल्क आणि शिनकानसेन या बुलेट ट्रेनचं तिकीट दरात आहे की नाही, एवढं आधी पाहा. स्वस्त पॅकेज बहुधा इथंच महाग पडतं.