विमान सुरक्षेतलं करिअर: पायलट न होताही

बारावीचा निकाल लागला की दादर-गिरगावातल्या घरांत हल्ली 'एव्हिएशन'चा विषय निघतोच. मुलांना विमानाची ओढ असते. पालकांना पायलट प्रशिक्षणाचा खर्च झेपत नाही, आणि जून 2025 मधल्या अहमदाबादच्या विमान अपघातापासून मनात धास्तीही आहे. अशा घरांनी ह्यूमन फॅक्टर्स आणि सेफ्टी मॅनेजमेंट या क्षेत्राची माहिती जरूर घ्यावी. माणूस थकतो, विसरतो, वरिष्ठांपुढे गप्प बसतो, हे धरूनच विमानसेवा सुरक्षित ठेवायची, असं हे काम आहे.

मंगळूरचंच उदाहरण घ्या. 22 मे 2010 च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. 166 जणांपैकी 158 जण गेले. चौकशीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधलं 2 तास 5 मिनिटांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा त्यातला सुमारे 1 तास 40 मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, असं दिसून आलं. जाग आली तरी झोपेचा अंमल पुरता गेला नव्हता. विमान हवं त्यापेक्षा उंचावर होतं. सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' सुचवलं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. तरीही विमान उतरवलं गेलं.

'कॅप्टन चुकले' एवढ्यावर जो थांबेल, त्याने या वाटेला येऊ नये. रात्रभराच्या ड्युटीत शरीराची झोपेची वेळ कुठे येते, हे रोस्टर लावताना पाहिलं होतं का? धोका दिसत असूनही सहवैमानिकाने नियंत्रण हाती का घेतलं नाही? अशी चुकीची लँडिंग आधी झाली असतील तर ती कुणाच्या नजरेला पडली का? हे प्रश्न अपघाताआधी विचारणारी माणसं विमान कंपनीला हवी असतात.

परळ-लालबागच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. पूल अपुरा पडतो, ही तक्रार प्रवासी आधीपासून करत होते. तक्रार नोंदवायची, धोक्याचं मोजमाप करायचं, दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार हे ठरवून पाठपुरावा करायचा: सेफ्टी मॅनेजमेंटचा गाभा हाच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2013 मध्ये यासाठी स्वतंत्र नियमावली लागू केली. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार विमान कंपन्या, विमानतळ, देखभाल संस्था अशा सगळ्यांनाच ही व्यवस्था ठेवावी लागते.

रोजचं काम बरंचसं टेबलावरचं असतं. उड्डाणांचा डेटा तपासणं, कर्मचाऱ्यांनी स्वतःहून कळवलेल्या चुका वाचणं, ऑडिट, प्रशिक्षण. मात्र मध्यरात्री हँगरमध्ये जाऊन मेकॅनिकशी बोलावंही लागतं. त्याने विश्वासाने सांगितलेली चूक त्याच्यावरच उलटली, तर पुढच्या वेळी कुणीच तोंड उघडणार नाही. म्हणून गणिताच्या मार्कांइतकंच महत्त्व मी ऐकून घेण्याच्या स्वभावाला देईन.

आता शिक्षण. बारावीनंतर थेट सेफ्टी ऑफिसर होण्याचा राजमार्ग नाही, हे पालकांनी आधीच मान्य करावं. आधी पाया हवा. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग केलं, तर विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये जाता येतं. विमान देखभालीचा एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअर) परवाना हा दुसरा भक्कम रस्ता. कला शाखेच्या मुलांनाही दार बंद नाही. रुईया किंवा झेवियर्समध्ये मानसशास्त्र, पुढे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात उपयोजित मानसशास्त्र करता येतं. शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट दादरहून हाकेच्या अंतरावर. तिथे औद्योगिक सुरक्षा आणि अर्गोनॉमिक्सचं काम चालतं, हे आपल्या भागातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. शिक्षणानंतर काही वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, हँगरमध्ये किंवा ऑपरेशन्समध्ये काढली की सेफ्टी विभागात जाण्याला अर्थ येतो.

जागा मोजक्या असतात, आणि सुरुवातीची वर्षं शिफ्टची. नोकरीची हमी देत सहा महिन्यांचा महागडा 'एव्हिएशन सेफ्टी' डिप्लोमा विकणाऱ्यांपासून सावध राहा. पायलट किंवा एएमईसारखा सेफ्टी ऑफिसरचा वेगळा परवाना डीजीसीए देत नाही. त्यामुळे 'डीजीसीएमान्य' असं सांगितलं, तर नेमकी कशाला मान्यता आहे, ते लेखी मागा. त्या संस्थेतून आधी बाहेर पडलेली दोन-तीन मुलं आज कुठे काम करतात, ते त्यांच्याशीच बोलून खात्री करा, आणि मगच फी भरा.