पिकवायचं आणि पिकवायला शिकवायचं

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या घरात पोराने किंवा पोरीने बागकामाचं नाव काढलं, की प्रश्न येतोच, "शिकून-सवरून माळीकामच करायचं होतं का?" त्यामागची काळजी खरी आहे. धानाच्या एका हंगामावर ज्यांनी घर ओढलं, त्यांना लेकरांच्या हाती एक तारखेचा पगार हवा असतो. या कामात तो सुरुवातीला मिळत नाही, हे आधीच सांगायला हवं. पण हे काम नुसतं खुरपणं-शिंपणं नाही. जमिनीचा कस राखून घरापुरतं अन्न पिकवायचं आणि तेच चार घरांना शिकवायचं, असं ते दुहेरी आहे.

या वाटेवरचं मोठं नाव अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. हायब्रीड आणि औषधांच्या रेट्यात गावातली जुनी वाणं मागे पडत होती, तेव्हा त्यांनी वाल, भात आणि भाज्यांचं बी राखायला घेतलं. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली आणि घरात बियाणे बँक उभी राहिली. तिचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: बी न्या, पिकवा, दुप्पट परत आणा. बी परत करायचं म्हणजे शेंग वेलावर वाळेपर्यंत पीक राखावं लागतं, आणि नेणारी बाई त्यातच निम्मं शिकून जाते. 2020 साली राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. शेतकरी आणि विद्यार्थी त्यांच्याकडून शिकतात.

देवरीत या कामाला वाव आहे. धान निघाल्यावर पुष्कळ बांध्या पडीक राहतात, पण घरामागच्या सांदवाडीत विहिरीच्या नाहीतर बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यावर वांगी, वाल, चवळी सहज होते. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच, भोवती आश्रमशाळा आणि अंगणवाड्या. शाळेतल्या पोषण बागांसाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. बाग लावणारे पुष्कळ असतात, सुट्टीतही ती जगवणारा माणूस शोधावा लागतो. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजे 'उमेद'च्या बचत गटांत कृषी सखी शेती शिकवण्याच्या कामासाठी मानधन घेतात. त्याला रोपवाटिका, बी आणि भाजीची विक्री जोडावी. एकाच मिळकतीवर विसंबू नये.

शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. दहावीनंतर कृषी पदविका, किंवा बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी देऊन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी नाहीतर उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी. या दोन्हींमुळे कृषी खात्याच्या भरतीचं दार उघडं राहतं, म्हणून पालकांनाही धीर येतो. घर सोडता येत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम आहेत. छोट्या प्रशिक्षणांसाठी जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

मात्र फी भरण्याआधी लेकराला घरामागचा तुकडा एका वर्षासाठी द्या. पावसाच्या सुरुवातीला त्याने वाल टोकावा, मांडव घालावा. जीवामृत स्वतः करावं: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, तेवढंच गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. पिंप सावलीत ठेवून दोन दिवस काठीने ढवळायचं. थंडीत आभाळ आलं की शेंड्यांवर काळा मावा चढतो. तेव्हा लेकरू घाबरून औषधाच्या दुकानात पळतं, की पाच टक्के निंबोळी अर्क फवारून चार दिवस वाट पाहतं, ते बघा. सगळ्यांत निरोगी वेलाला चिंधी बांधायची, त्याच्या शेंगा तोडायच्या नाहीत. वाळल्यावर बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं.

पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या मूठभर बिया शेजारच्या काकूंना द्यायला सांगा, आणि वेल लावण्यापासून शेंगा येईपर्यंत त्यांना शिकवायलाही. काकूंचा मांडव भरला आणि त्यांनी दुसऱ्या भाजीसाठी त्याला पुन्हा हाक मारली, तर खुशाल अर्ज भरा.