देणगी, थैली आणि रोखा : निवडणूक-निधीच्या शब्दांचा अर्थविचार



मागील घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष हे अर्थपरिवर्तनाचे प्रकार पाहिले. तेथील उदाहरणे बहुतांशी जुन्या ग्रंथांतील होती. या घटकात आपण रोजच्या वृत्तपत्रातील एक शब्दसमूह तपासणार आहोत. निवडणुकीच्या उमेदवाराला अथवा पक्षाला जो पैसा मिळतो, त्याला मराठीत काय म्हणतात आणि त्या नावाने काय झाकले जाते, हा येथील विषय आहे.

‘देणगी’ आणि ‘देणे’

‘देणे’ या एकाच क्रियापदाशी संबंधित दोन नामे मराठीत परस्परांविरुद्ध उभी आहेत. ‘देणगी’ म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली वस्तू. याउलट ‘देणे’ म्हणजे ऋण. ‘मी त्याचे देणे लागतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते फेडावेच लागते. निवडणुकीत मोठी रक्कम देणारा पहिला शब्द वापरतो. घेणाऱ्याच्या मनात मात्र दुसरा शब्द जागा होत असेल, तर तो व्यवहार कोणत्या नावाने ओळखावा?

‘दान’ हा शब्दही या कुळातलाच. गोराई परिसरातील विद्यार्थ्यांना खाडीकाठचा विपश्यना पॅगोडा परिचित असेल. त्या परंपरेत शिबिरासाठी शुल्क नसते आणि शिबिरांसाठीचे दान किमान एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच स्वीकारले जाते. जे मिळायचे ते दात्याला आधीच मिळालेले असते. तो देतो ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. निवडणुकीतील देणगीचा क्रम उलटा आहे. तेथे देणे आधी घडते आणि मिळण्याचा प्रश्न नंतर उभा राहतो. ‘मतदान’ या समासातही ‘दान’ आहे. परंतु मराठीने मत देणाऱ्याला ‘मतदाता’ न म्हणता ‘मतदार’ म्हटले, ‘दार’ हा धारण करणे या अर्थाचा फारसी प्रत्यय जोडून. हाच प्रत्यय ‘देणगीदार’ शब्दातही आहे. देऊन टाकल्यावरही ज्याच्या हाती काहीतरी उरते तो देणगीदार, अशी फोड व्याकरणदृष्ट्या कोणी मान्य करणार नाही. व्यवहारदृष्ट्या ती फारशी चुकीची ठरू नये.

थैलीचा प्रवास

१९१६ साली लोकमान्य टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. टिळकांनी ती स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. त्या काळी ‘थैली अर्पण करणे’ हा गौरवाचा वाक्प्रचार होता. थैली भर सभेत दिली जाई, आकडा जाहीर होई. पुढे ‘थैलीशहा’ हा शब्द रूढ झाला आणि त्याला उपहासाची, किंबहुना तिरस्काराची छटा आली. वस्तू तीच, परंतु सभेतील थैली दाराआड गेल्याची शंका भाषेने टिपली. अर्थापकर्षाचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच मिळेल.

या शंकेला कायद्याच्या भाषेतही जुना आधार आहे. राजकीय पक्षांना पैसा देता यावा म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली आणि एका भागधारकाने त्याला विरोध केला. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्यापुढे हा प्रश्न आला. तत्कालीन कायद्यात मनाई नसल्याने बदलाला मान्यता मिळाली. मात्र हा प्रघात वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकेल, असा इशारा छागलांनी दिला. येथे अर्थाचा पेच ध्यानात घ्यावा. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो. तो खर्च करताना कंपनीचे हित दाखवावे लागते. हित असेल तर ती ‘देणगी’ कशी, आणि हित नसेल तर तो खर्च कशासाठी?

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली, २०१३ च्या कायद्याने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा ठरवली आणि २०१७ साली ती मर्यादाही गेली.

‘रोखा’

जानेवारी २०१८ मध्ये ‘निवडणूक रोखे’ योजना अधिसूचित झाली. ‘रोखा’ हा मराठीतील जुना शब्द. चिठ्ठी, लेखी दस्तऐवज आणि पुढे ‘कर्जरोखा’ असा त्याचा अर्थ. कर्जरोख्यावर धनको आणि ऋणको या दोघांचीही नावे असतात. निवडणूक रोख्यावर देणाऱ्याचे नावच नव्हते. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे हे रोखे भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून मिळत. तीस टप्प्यांत सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले. नाव मतदाराला कळत नसे. ते पक्षाच्या कानावर घालण्यास देणाऱ्याला काही अडचण नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भंग होतो म्हणून ही योजना रद्द केली. ज्या शब्दाच्या मूळ अर्थातच फेड आहे, तो शब्द ‘देणगी’साठी योजला गेला, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही, निदान भाषा तरी येथे प्रामाणिक राहिली.

तिकीट कोण देते?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार प्राथमिक निवडणुकांतून, म्हणजे मतदारांपुढे ठरतो. २०१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या अशा निवडणुकांत उमेदवाराला थेट देण्याची वैयक्तिक मर्यादा अडीच हजार डॉलर होती. तरी न्यूट गिंग्रिच यांच्या समर्थक गटाला शेल्डन अॅडलसन कुटुंबाने एक कोटीहून अधिक डॉलर दिले. गिंग्रिच यांना उमेदवारी मिळाली नाही. परंतु जनाधार आटल्यावरही ते स्पर्धेत टिकले, यात त्या पैशाचा वाटा होता. तेथे रक्कम अमर्याद, पण देणाऱ्याचे नाव उघड होते.

आपल्याकडे हा टप्पा मतदाराला दिसतच नाही. उत्तर मुंबई मतदारसंघातील गोराईचा मतदार मतदान केंद्रावर पोचतो, तेव्हा ‘तिकीट मिळणे’, ‘तिकीट कापणे’ आणि ‘ए-बी फॉर्म’ हे सारे उरकलेले असते. लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. ‘तिकीट’ ही मूळची विकत घेण्याची वस्तू. उमेदवारीसाठी हाच शब्द का रुळला, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

स्वाध्याय

आपल्या गल्लीतील गणेशोत्सवाच्या पाच पावत्या मिळवा. त्यांवर ‘वर्गणी’ आहे की ‘देणगी’, ते पाहा. ‘वर्गणी’ शब्दात वाटा समान असल्याची जी सूचना आहे, ती ‘देणगी’त का नाही, हे दहा ओळींत लिहा. एका आठवड्याच्या वृत्तपत्रांतून ‘निधी’, ‘रसद’, ‘पाठबळ’ हे शब्द पैशाच्या अर्थाने आलेली वाक्ये टिपा आणि प्रत्येक वाक्यात देणाऱ्याचे नाव आहे किंवा नाही, याची नोंद करा.