इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि चावी : स्वच्छता व निगा



घरातून निघताना "कुलूप नीट लागलं का?" हा प्रश्न आपल्याकडे एकदा तरी विचारला जातोच. आता बऱ्याच घरांच्या दारांवर पितळी कुलपाच्या जागी इलेक्ट्रॉनिक कुलूप दिसतं. बोट ठेवा, अंक दाबा किंवा कार्ड लावा, दार उघडतं. पण हे कुलूपही एक यंत्रच आहे. त्याची निगा कशी राखायची ते आज पाहू.

आधी एक अनुभव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कुलपाचा लाल दिवा दोन आठवडे लुकलुकत होता. "रविवारी सेल बदलू" असं म्हणत मी दोन रविवार घालवले. एक दिवस सासरे सकाळी फिरून आले आणि कुलूप उघडेचना. मोबाइल घरात, मधुमेहाच्या गोळ्या घरात, जेवणही घरात! आणि जादा चावी? तीही घरातल्याच कपाटात! शाळा सुटल्यावर मी पोहोचले, तेव्हा बाबा जिन्यात बसलेले होते. घामाने भिजले होते, हात थरथरत होते. शेजारच्या ताईंनी त्यांना नुकताच साखर घातलेला चहा दिला होता, म्हणून निभावलं.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली आणि कुलपाच्या खालच्या बाजूला असलेल्या दोन ठिपक्यांना टेकवली. अंक दाबले आणि दार उघडलं. ते दोन ठिपके मी रोज पाहत होते, पण ते कशासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं. हा लेख त्यासाठीच.

१. सेल : कुलपाचा जीव

बऱ्याच कुलपांत 'डबल ए' आकाराचे ४ अल्कलाइन सेल असतात. प्रत्येक सेल १.५ व्होल्टचा, म्हणून ४ × १.५ = ६ व्होल्ट. रिचार्जेबल सेल साधारण १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे ४ × १.२ = ४.८ व्होल्ट. त्यामुळे सेल संपत आल्याचा इशारा बिनचूक मिळत नाही. माहितीपुस्तिकेत परवानगी नसेल तर रिचार्जेबल सेल घालू नका.

- चारही सेल एकदम बदला. जुना आणि नवा एकत्र घालू नका.
- सेल बदलताना दार उघडंच ठेवा. कुलूप दोनदा चालवून पाहा, मगच दार लावा.
- सेलमधून पांढरं खरखरीत काही बाहेर आलं असेल, तर त्याला उघड्या हाताने शिवू नका. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा आम्लारी असतो. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो भाग पुसावा आणि पूर्ण कोरडा करावा. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की काय होतं, आठवतंय ना? उदासिनीकरण!

२. बोटाचा ठसा वाचणारी काच

आपल्या बोटावर बारीक उंचवटे आणि खोलगट रेषा असतात. अनेक कुलपांतला सेन्सर त्यांच्यातला विद्युत फरक ओळखतो. काचेवर तेल, घाम किंवा धूळ बसली की त्याला ठसा नीट 'दिसत' नाही.

- चष्मा पुसायच्या मऊ, कोरड्या कापडाने हलकेच पुसा. डाग चिकट असेल तर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. कुलपावर थेट काहीही फवारू नका.
- नेलपेंट रिमूव्हर, जेल सॅनिटायझर, भांडी घासायची पावडर नको.
- शेतात किंवा धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांचे ठसे झिजतात. आजी-आजोबांच्या दोन वेगळ्या बोटांची नोंद करा आणि त्यांना कार्ड किंवा अंकांचा पर्यायही द्या. बोट वाचलं नाही तर चूक त्यांची नसते.

३. अंकांची पाटी : डाग चोराला वाट दाखवतात

४ अंकी क्रमांकाच्या एकूण शक्यता किती? १० × १० × १० × १० = १०,०००. पण रोज त्याच चार अंकांवर बोटांचे डाग पडले असतील, तर पाहणाऱ्याला अंक कळले. आता फक्त क्रम शोधायचा. ४ × ३ × २ × १ = २४ शक्यता! कुठे दहा हजार आणि कुठे चोवीस! म्हणून पाटी पुसणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही. क्रमांकही अधूनमधून बदला.

४. दार आणि कडी

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं. कडी चौकटीच्या पट्टीवर घासते, मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि सेल लवकर संपतात. दार ओढून किंवा ढकलून लावावं लागत असेल, तर कुलपाआधी सुताराला बोलावा.

चावीच्या भोकात खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. पेन्सिलीचं ग्रॅफाइट साध्या कुलपाला चालतं, पण ते विजेचं सुवाहक आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक कुलपात नको. पुस्तिकेत सांगितलेलं कोरडं वंगणच वापरा.

५. कार्ड आणि रिमोट चावी

कार्डात सेल नसतो. आत तारेचं बारीक वेटोळं असतं, त्याला कुलपाजवळ ऊर्जा मिळते. म्हणून कार्ड वाकवू नका आणि दोरी ओवायला भोक पाडू नका.

रिमोट चावीत बहुधा नाण्यासारखा सेल असतो. 'सीआर २०३२' म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. पालकांनो, इथे सावध राहा. लहान मुलाने असा सेल गिळला तर २ तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट पाहू नका, उलटी करायला लावू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. वापरलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांपासून दूर ठेवा आणि ई-कचरा संकलनात द्या.

लक्षात ठेवा

१. लाल दिवा दिसला की त्याच दिवशी सेल बदला.
२. जादा चावी घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.
३. आपल्या कुलपाला बाहेरून वीज कुठून देता येते ते आजच पाहून ठेवा. काहींना ९ व्होल्टचे ठिपके असतात, काहींना चार्जरची खाच असते.
४. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या साफसफाईत कुलूप पूर्ण तपासा.

स्वाध्याय

१. पाटीवर तीनच अंकांवर डाग आहेत, म्हणजे ४ अंकी क्रमांकात एक अंक दोनदा आला आहे. शक्यता किती? (उत्तर : ३६. कशा, ते मांडून दाखवा.)
२. घरातल्या प्रत्येकाला विचारा : "कुलूप बंद पडलं तर तुम्ही काय कराल?" आजी-आजोबांना सगळ्यात आधी विचारा.

चोराला बाहेर ठेवणं हे कुलपाचं अर्धं काम. घरच्या माणसाला आत घेणं हे उरलेलं अर्धं. आमच्याकडे आता जादा चावी शेजारच्या ताईंकडे असते आणि बाबांच्या खिशात दोन गोळ्या आणि एक कार्ड.