भुताची जागा आणि भयाचा अभ्यास

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके कल्याण-डोंबिवलीपासून फार दूर नाहीत. तरीही सुट्टीत गावी गेलेला विद्यार्थी परत येतो तो भुताची एखादी नवी गोष्ट घेऊनच. कुठे ओढ्याकाठचा पिंपळ, कुठे पडकी विहीर, तर कुठे घाटातले वळण. अशा जागा रात्री पाहायला जाण्याची हौसही तरुणांत असते. जागा पाहण्यास आमची हरकत नाही. मात्र ती कशी पाहावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय नवा नाही. मज्झिम निकायातील चौथे सुत्त 'भयभेरव सुत्त' या नावाचे आहे. त्यात भगवान बुद्ध जाणुस्सोणी या ब्राह्मणाला बोधिप्राप्तीपूर्वीचा आपला अनुभव सांगतात. लोक ज्यांना भयानक मानत अशा उपवनातील, अरण्यातील व वृक्षांच्या चैत्यस्थानी ते अष्टमी, चतुर्दशी व पंचदशीच्या रात्री मुद्दाम जाऊन राहिले. तेथे एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा वाजे आणि मनात भय उभे राही. चालताना भय आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच त्यांनी ते जिंकले. म्हणजे आवाज कशाचा हे पाहावे आणि भयाचे मूळ मनात शोधावे, हा यातील धडा.

आपल्याकडील भुतांची नोंदही झालेली आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून जमविलेली माहिती आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केली व कोकणचा खंड १९१५ साली निघाला. लोकसमजुतीतील भुतांची नावे नीट पाहिली की समाजाचा इतिहासच दिसतो. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, वासना राहिलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. म्हणजे जात मेल्यावरही सुटली नाही! बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ झाली. जिला वेळेवर सुईण व औषध मिळाले नाही, तिलाच मेल्यावर गावाने भीतीचे कारण ठरवले. या कथेत भिण्यासारखे काही नाही, लाज वाटण्यासारखे मात्र आहे.

आता 'चकवा' पाहू. माळरानावर वाट चुकलेला माणूस फिरून त्याच झाडाशी येतो. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सूर्य-चंद्र दिसत नसताना सरळ चालू पाहणारी माणसे नकळत गोल फिरू लागल्याचे आढळले. पिंपळाच्या पानांचे देठ लांब, म्हणून किंचित वाऱ्यातही ती सळसळतात. गव्हाणी घुबडाचा चीत्कार ऐकून धीटही दचकतो. मुंबई-नाशिक मार्गावरील कसारा घाटाविषयीही बऱ्याच कथा आहेत. पण पावसाळ्यातील धुके, वळणे, अवजड वाहने आणि झोपाळलेला चालक एवढी कारणे अपघाताला पुरेशी आहेत. अपघात भुताच्या नावे टाकला की वेग कमी करण्याचे कुणाला सुचत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट मण्यार सापाची. हा साप रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना नाममात्र, सूज नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलता येत नाही, श्वास अडतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग भगताकडे नेतात, अंगारा लावतात आणि प्रतिविष मिळण्याची वेळ निघून जाते. येथे भुताची समजूत प्रत्यक्ष जीव घेते. अशा माणसाला हालचाल करू न देता, कापाकापी न करता, तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षे झटले तो जादूटोणा विरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, तसेच साप, कुत्रा वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा आता गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कैद व पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

आम्ही विद्यार्थ्यांबरोबर अशा जागी जातो तेव्हा काही नियम पाळतो. प्रथम जागा दिवसा पाहावी. गावकऱ्यांना हसू नये. दोन वडीलधाऱ्यांना वेगवेगळे विचारावे की आपण स्वतः पाहिले की ऐकले? पायात बूट, हातात विजेरी असावी. पडक्या विहिरीत उतरू नये. आत प्राणवायू नसला तर माणूस क्षणात गुदमरतो. एखाद्या बाईला गाव 'भुताळी' म्हणत असेल तर तिचे नाव आपण चुकूनही पसरवू नये. तिच्या पाठीशी उभे राहावे.

भूत आहे की नाही या वादात रात्र घालवण्यापेक्षा, गावात प्रतिविष कोठे मिळते आणि बाळंतिणीला नेण्यास वाहन आहे का, हे विचारून यावे. पुढच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढी माहिती वहीत लिहून आणली, तर हा अभ्यास सार्थकी लागला असे आम्ही समजू.