स्किड टेकल्यावरचा हात

पोरा, तुझा सोलो जवळ आलाय, तर हे नीट कानात साठव. मास्तर उतरून दार लावतो ना, त्या क्षणापासून तुझ्या हाताखाली वेगळंच हेलिकॉप्टर असतं. तुझं आर-२२ पुरतं भरलं तरी 622 किलोचं. त्यातून सत्तर-ऐंशी किलोचा माणूस गेला की नाक वर येतं, शेपूट झुकतं, आणि कालच्याइतकं कलेक्टिव्ह ओढलंस तर ते एकदम वर उसळतं. म्हणून सावकाश ओढ. उतरतानाही मागची बाजू आधी टेकणार हे धरून चाल.

नाशिकला गांधीनगरच्या शाळेत चेतक-चीता शिकवताना मी पोरांना एकच गोष्ट घोकायला लावायचो. आपल्या कुरुंदवाडला पूर ओसरल्यावर मळीचं रान वरून कोरडं दिसतं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. अशा मातीत एक स्किड रुतलं आणि यंत्र जरासं आडवं सरकलं, की त्या स्किडवरच सगळं कलंडायला लागतं. मन म्हणतं, वर उचल, सुटेल. उचलायचं नाही! तू ओढलेली प्रत्येक ताकद त्याला आणखी पाडते. पाच-आठ अंश कललं की नुसत्या सायक्लिकनं सावरत नाही. कलेक्टिव्ह खाली, न झटकता, पण लगेच. हे हाताला आधीच माहीत हवं, कारण तेव्हा विचाराला वेळ नसतो.

महाडला 3 मे 2024 ला एक खासगी हेलिकॉप्टर उतरता उतरताच कलंडलं. आतली माणसं वाचली. त्याची चित्रफीत पुन्हा बघ. दोष कुणाचा हे शोधायला नव्हे, शेवटच्या काही फुटांत वेळ किती थोडा मिळतो ते बघायला.

उंचावर इंजिन गेलं तरी हात खालीच. आर-२२ मध्ये जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो, तेवढ्यात रोटरचे फेरे वाचवायचे. 25 जुलै 2022 ला बारामतीहून एकटी निघालेली शिकाऊ मुलगी इंदापूरच्या कडबनवाडीत विमानासकट शेतात पडली. वाचली, याचा मला फार आनंद आहे. ते विमान होतं. तुझ्याकडे तरंगत जायला पंख नाहीत.

वारा पाठीवर घेऊन उतरू नकोस. इथं हंगामात शिरोळच्या दत्त कारखान्याच्या धुराड्याकडे बघून वारा ओळखायची सवय लाव, मग उडताना विंडसॉककडे आपोआप नजर जाईल. वेग तीस नॉटच्या आत असताना मिनिटाला तीनशे फुटांपेक्षा जास्त गतीनं खाली येत असशील, तर आपल्याच पंख्याच्या भोवऱ्यात सापडशील. मग सायक्लिक पुढे दे, वेग घे. आणि हे सगळं होण्याआधीच, अजून वर असतानाच, उतरणं बरोबर वाटेना तर फेरी मारून परत ये. कितीही वेळा.

सकाळपेक्षा वारा वाढलाय असं वाटलं तर मास्तरला स्पष्ट सांग, आज सोलो नको. त्यांनी तोंड वाकडं केलं तरी चालेल.